कुठं पडलं ते दाखव

माझा मोठा मुलगा हल्ली फार गोड बोलायला लागला होता. गोड बोलणारा माणूस घरात असला की मला दाढ दुखल्यासारखं होतं. आधी तो असा नव्हता. आधी त्याला "जेवलास का?" विचारलं तर "दिसत नाही का?" म्हणायचा. आम्हाला त्याची सवय होती. आता विचारलं तर डोळे मिटून म्हणतो, "त्याच्या कृपेनं, आई." अरे, कृपेनं जेवलास हे खरं, पण चुलीपुढं तुझी बायको उभी होती. एखाद्या वेळी तिचंही नाव घे की.

हे सुरू झालं ते उपदेशकांनी त्याच्या गळ्यात रविवारचा पाठ घातला तेव्हापासून. आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासना झाली की तासभर शास्त्राचा पाठ असतो. उपदेशकांचा घसा बसला होता, दुसरं कोणी पुढं येईना आणि याचा आवाज भरदार. ते म्हणाले, जुन्या शास्त्रातले चमत्कार घ्या, एका रविवारी एक, आणि त्यातून विश्वास म्हणजे काय ते लोकांना समजावून सांगा. यानं समुद्र दुभंगला तो घेतला. शहराच्या भिंती पडल्या त्या घेतल्या. बायका रुमाल काढून डोळे पुसायच्या. मी खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटायचा. मी दोन इयत्ता शिकलेली बाई, अजून अक्षराला बोट लावून वाचते. आणि माझा मुलगा पुढं उभा राहून बोलतोय, शाळेचे मास्तर मान डोलावतायत. कुणाला नाही वाटणार अभिमान? त्या दिवसांत मी बाकावर जरा जास्तच ताठ बसायचे.

पण पुढं उभा राहून एवढं बोलणारा हा माणूस घरात एका गोष्टीवर तीन आठवडे तोंड शिवून बसला. माझी तक्रार ती आहे. ती कोणती गोष्ट हे कळायला आमचं काम आधी सांगावं लागेल.

आमचं घर दांड्यांचं. कुऱ्हाड, हातोडा, कुदळ, फावडं, काहीही आणा. लोखंड लोहाराचं, लाकूड आमचं. माझ्या आजेसासऱ्यांपासून हेच. लोक येता-जाता ती म्हण ऐकवतात, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकतेय. मी प्रत्येकाला एकच उत्तर देते, "चांगला बसवलेला दांडा गोताला काळ, वाईट बसवलेला धरणाऱ्यालाच काळ." मग पुढं कोणी हसत नाही.

लाकूड माळ्यावर दोन वर्षं वाळतं. महिन्यातून एकदा प्रत्येक फाळका उलटायचा, म्हणजे वारा दोन्ही अंगांना लागतो. ते काम माझं. वाळलं की नाही ते मी टिचकी मारून ऐकते. ओलं लाकूड पोट भरलेल्या माणसासारखं धप्प बोलतं, वाळलेलं खणखणीत. मग दांडा तासतो माझा धाकटा. त्याचा हात थेट बापावर गेलाय. लोखंड बसवायचं काम दोघांपैकी कुणीही करतो. पात्याच्या भोकाला आम्ही नेढं म्हणतो. त्यात दांडा घालायचा, वरच्या चिरेत कोरडी पाचर ठोकायची, मग तिच्यावर आडवी दुसरी. एका पाचरीवर आमच्या घरातून माल बाहेर जात नाही.

आणि खूण. ज्यानं दांडा तासला त्यानं टोकाला तापल्या सळईनं आपली खूण डागायची. मोठ्याची एक रेघ, धाकट्याच्या दोन. लोखंड दुसऱ्यानं बसवलं असेल तर त्यानं आपली रेघ शेजारी डागायची. हा सासऱ्यांचा कायदा. माणूस विसरतो, खूण विसरत नाही, असं ते म्हणायचे. त्यामुळं या घरात खूण म्हणेल ते खरं, माणसाची आठवण नंतर.

दुसरा कायदा माझ्या नवऱ्याचा. कामाच्या खोलीत एकच बादली, ती धार लावायच्या दगडाशेजारी, आणि तिच्यातलं पाणी फक्त दगडासाठी. सैल लोखंड दांड्यासकट पाण्यात बुडवून ठेवलं की लाकूड फुगतं आणि लोखंड घट्ट बसल्यासारखं वाटतं. चार-आठ दिवसांत लाकूड वाळतं आणि होतं त्याहून सैल पडतं. "पाणी तोंडावर गोड बोलतं," म्हणायचा. तो होता तोवर त्या बादलीत कुणी लोखंड बुडवलं नाही. म्हणजे त्याच्या माघारी बुडवलं.

आमच्या लाकूडतोड्याला सगळे ताडमाड म्हणतात, दारातून वाकून यावं लागतं म्हणून. वीस वर्षं तो आम्हाला लाकूड आणून देतोय आणि कुऱ्हाडीत दांडा आमच्याकडूनच भरून नेतोय. तीन आठवड्यांपूर्वी तो रानात झाड पाडत होता. घाव घालताना लोखंड निसटलं, बुंध्यावर आपटून उलटं आलं आणि त्याच्या नडगीवर बसलं. हाड फुटलं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण तीन महिने जमिनीला टेकवायचा नाही, आणि पुढं लंगडणार की नाही ते पायच सांगेल.

त्याची बायको दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात लोखंड. दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. दांड्याच्या टोकाला दोन रेघा होत्या. फक्त दोन.

मी धाकट्याला हाक मारली आणि तिच्या देखत सोलून काढलं. "हात लुळे पडले का तुझे? का डोळे कुणाकडं ठेवून आलास? बापाचं नाव बुडवायला एवढा वेळ कशाला लावलास?" माझी जीभ कशी आहे ते गावाला ठाऊक आहे. मला वाटलं, उलट बोलेल. तो एरवी बोलतो. त्या दिवशी त्यानं दांडा उचलला, टोक पाहिलं, अंगठा दोन रेघांवरून फिरवला.

"खूण माझी आहे, आई," तो म्हणाला. "म्हणजे चूक माझीच."

दिवसाला पंधरा-वीस दांडे करणारा माणूस. कुठलं लोखंड कधी बसवलं हे त्याला काय आठवणार? खूण बोलली, त्यानं मान खाली घातली. त्या वेळी मोठा दारात उभा होता. तो म्हणाला, "आपण त्यांच्या पायासाठी प्रार्थना करू या."

त्या दिवसापासून धाकट्यानं तासायची वाकस हातात धरली नाही. खोलीत यायचा, ठोकळ्यावर बसायचा, आपल्याच हातांकडं बघत राहायचा. दहा दिवसांनी म्हणाला, मावसभावाच्या वीटभट्टीवर जातो.

"विटा थापणार तू?"

"विटेला पाचर लागत नाही," तो म्हणाला.

सोमवार ठरवला. हत्यारं पुसून, तेल लावून, एका गोणपाटात बांधून ठेवली. मी सांगते, मेलेल्या माणसाचं सामान बांधतात तशी बांधली.

पण त्याआधीच मला कळलं होतं. ते कसं, ते सांगते. अपघातानंतर पाचव्या दिवशी मी ताडमाडला बघायला गेले. तो खाटेवर आडवा, पाय उशीवर, पाऊल खाटेच्या बाहेर. बोलता बोलता त्याच्या बायकोला विचारलं, कुऱ्हाड भरून कधी नेली होती?

"त्या आधीच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी. गाडी थांबली होती म्हणून घाई होती. तुम्ही वर माळ्यावर होता ना. फाळके उलटल्याचा आवाज येत होता. तुमच्या मोठ्या मुलानं दिली."

गुरुवारी दुपारी मी माळ्यावर होते, बरोबर. आणि फाळक्याचं दुसरं टोक धाकट्याच्या हातात होतं.

घरी आले आणि तो दांडा खिडकीशी नेला. मी अक्षराला बोट लावून वाचत असेन, पण लाकूड मला नुसत्या नजरेनं वाचता येतं. नेढ्यात जो भाग बसतो तिथं काळं-निळं कडं पडलं होतं, शाई सांडल्यासारखं. लोखंड आणि ओलं लाकूड एकत्र राहिलं की असं पडतं, दुसऱ्या कशानं पडत नाही. आणि वरच्या चिरेत पाचर एकच होती. दुसरीची जागा कोरी.

मग मला सगळं दिसलं. त्या आठवड्यात कोरड्या पाचरी तासून ठेवायचं काम मोठ्याचं होतं. त्या त्यानं तासल्याच नव्हत्या. रविवारच्या पाठाचे कागद मांडून बसला होता, विधवेच्या तेलाचा चमत्कार. म्हणजे डब्यात एक पाचर सापडली असेल, ती ठोकली. लोखंड हललं असेल. मग बादली. सळई थंड होती, म्हणून खूणही नाही.

हे मला पाचव्या दिवशी कळलं आणि मी गप्प बसले. स्वतःला सांगितलं, तो आपणहून सांगेल, त्याला वेळ देऊ. ते कारण दिसायला बरं होतं. खरं कारण बाकावर ताठ बसायची लागलेली सवय. माझा पाठ घेणारा मुलगा मला हवा होता. धाकट्याला कोण ओळखतं, दांडे तासतो तो.

तरी मी टोचून बघितलं. जेवताना विचारलं, "त्या बादलीतलं पाणी बदललंस का रे कधी?"

त्याचा घास हातात राहिला. मग म्हणाला, "सगळं स्वच्छ आहे, आई. त्याच्या कृपेनं."

त्यानंतरच्या रविवारी त्यानं कोड झालेल्या सेनापतीची गोष्ट घेतली. संदेष्ट्यानं, म्हणजे देवाच्या माणसानं, त्याला नदीत सात बुड्या मारायला सांगितल्या, तेव्हा त्याला राग आला, एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं काम! मोठा म्हणाला, विश्वास म्हणजे पाण्यात उतरणं. मी मनात म्हटलं, बाबा, पाण्यात उतरायचंच तर आधी चिलखत काढावं लागतं. त्या सेनापतीची अडचण तीच होती. अंगावर काय आहे ते नोकरांच्या देखत दाखवायचं. पण बोलले नाही. मीही चिलखत घालूनच बसले होते.

मग उपदेशक उभे राहिले, हसत म्हणाले, "पुढच्या रविवारी यांच्याच धंद्यातला चमत्कार! नदीत पडलेली कुऱ्हाड." सगळे हसले. मोठाही हसला, पण कान पांढरे पडले होते. त्याचे कान लहानपणापासून चुगली करतात.

शनिवारी दुपारी मी नातीला बोलावलं. मोठ्याची मुलगी, बारा वर्षांची. एकदा ऐकलेलं घडाघडा म्हणते म्हणून तिला पोपटीण म्हणतो. म्हटलं, उद्याची गोष्ट मला वाचून दाखव.

तिनं वाचली. गोष्ट लहानशी आहे. संदेष्ट्याच्या शिष्यांना राहायला जागा पुरेना, म्हणून ते नदीकाठी लाकूड तोडायला गेले. तोडता तोडता एकाच्या कुऱ्हाडीचं लोखंड निसटून पाण्यात पडलं. तो ओरडला, महाराज, ती तर मागून आणलेली होती! मग संदेष्ट्यानं एक फांदी तोडून पाण्यात टाकली आणि लोखंड तरंगून वर आलं.

"थांब," मी म्हटलं. "मधलं काहीतरी खाल्लंस."

"नाही खाल्लं."

"ओरडल्याबरोबर लगेच फांदी तोडली? परत वाच. हळू."

ती पुटपुटत परत वाचायला लागली. आणि मग ते आलं. संदेष्ट्यानं आधी विचारलं, कुठं पडलं? त्या माणसानं जागा दाखवली. मग फांदी.

"आजी, ते असंच आहे," पोपटीण म्हणाली. "त्यात चमत्कार नाही, म्हणून मी पटकन वाचलं."

"सगळे तेच पटकन वाचतात," मी म्हटलं. "देवाच्या माणसाला माहीत नसेल कुठं पडलं ते?"

"मग विचारलं कशाला?"

मी तिसऱ्यांदा वाचून घेतलं. शेवटी संदेष्टा म्हणतो, उचलून घे, आणि तो माणूस हात लांब करून लोखंड उचलतो. ते लोखंड उडी मारून त्याच्या हातात आलं नाही. त्या दुपारी मी काही खाल्लं नाही. पोपटीण आईला जाऊन म्हणाली, आजीला बरं नाही. बरं नव्हतंच.

रविवारी उपासनेची खोली भरलेली. ताडमाडची बायको तिसऱ्या बाकावर, एकटीच. धाकटा आला नाही. तो घरी गोणपाटाच्या गाठी बघत बसला होता.

मोठ्यानं पाठ चांगला घेतला. फारच चांगला. लोखंड म्हणजे आपल्या मनावरचं ओझं, नदी म्हणजे संसार, फांदी म्हणजे कृपा. सगळं कशाचं तरी काहीतरी होतं. कुऱ्हाड तेवढी कुठंच नव्हती. मास्तर मान डोलावत होते. शेवटी त्यानं नेहमीप्रमाणं विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" आमच्यात प्रश्न कुणी विचारत नाही. सगळ्यांना भूक लागलेली असते.

मी उभी राहिले. गुडघे वाजले, ते पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेले असतील.

"मला एक सांग," मी म्हटलं. "लोखंड पडल्यावर देवाच्या माणसानं आधी काय केलं?"

"फांदी तोडली, आई."

"त्याच्या आधी."

त्यानं पुस्तकात बघितलं. त्याला बघायची गरज नव्हती. "विचारलं. कुठं पडलं म्हणून."

"मग?"

"मग... त्यानं जागा दाखवली."

"कशी दाखवली?"

कुणीतरी मागं हसलं. म्हातारीला चळ लागला असं वाटलं असेल. मोठ्याचे कान पांढरे झाले. तो हळूच म्हणाला, "आई, हे घरी बोलू या."

"घरी तीन आठवडे होते," मी म्हटलं.

 आता मला बसता येत नव्हतं आणि मोठ्यालाही. आणि खरं सांगते, तिथं उभं राहून माझ्या लक्षात आलं, की मी त्याला जागा दाखवायला सांगतेय आणि माझी झाकून ठेवलीय. चोराच्या मनात चांदणं तसं माझ्या मनात झालं. मी तिसऱ्या बाकाकडं वळले.

"बाई," मी ताडमाडच्या बायकोला म्हटलं, "आधी माझी जागा दाखवते. तू कुऱ्हाड आणलीस त्या दिवशी मी लाकूड न बघता धाकट्याला तुझ्यासमोर बोलले. पाचव्या दिवशी लाकूड बघितलं. चूक त्याची नाही हे मला तेव्हाच कळलं. तरी सोळा दिवस मी तोंड उघडलं नाही. का, तर आमच्या घरातल्या एका माणसाचं पुढं उभं राहून बोलणं मला आवडायचं. माझं लोखंड तिथं पडलं."

एवढ्या माणसांत मी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती. आयुष्यात एकूण दोनदा मागितली असेल, त्यातली एक म्हशीची. पण त्या दिवशी जीभ अडखळली नाही. 

 मोठ्यानं पुस्तक मिटलं. मग उघडलं. परत मिटलं.

"बादलीत पडलं," तो म्हणाला.

आवाज भरदार नव्हता. लहानपणी काही फोडलं की जसं बोलायचा तसं बोलला. "धार लावायच्या दगडाजवळ. डब्यात पाचर एकच होती. दुसरी मी तासली नव्हती. मी इथल्या पाठाची तयारी करत होतो. लोखंड हलत होतं. गाडी बाहेर थांबली होती. मी ते पाण्यात घातलं, घट्ट झालं, देऊन टाकलं. बाबांनी सांगितलेलं मला माहीत होतं. तरी मनात म्हटलं, देव बघून घेईल." पुस्तक बाजूला ठेवलं. "खूण डागली नाही. धाकट्यावर गेलं ते मी जाऊ दिलं."

उपदेशक अर्धवट उठले आणि परत बसले. ताडमाडची बायको सगळ्यांच्या आधी उठली.

"हे मला नका सांगू," ती म्हणाली. "पाय माझा नाही. घरी चला."

आम्ही गेलो. ती पुढं, मोठा मधे, मी मागं.  ताडमाडनं सगळं ऐकून घेतलं, छताकडं बघत. मी वाट बघत होते तो काय शिवी देतो त्याची. शिवी द्यायचा त्याला हक्क होता आणि शिव्या त्याला भरपूर येतात.

"धाकट्याला सांगितलं?" त्यानं विचारलं.

"अजून नाही," मोठा म्हणाला.

"मग इथं काय करताय? माझा पाय डॉक्टर बघतात. त्याच्या हाताकडं कोण बघणार?" मग कुशीवर वळायचा प्रयत्न केला, वळता आलं नाही, तेव्हा एक शिवी दिली. कुणाला दिली ते मी विचारलं नाही.

धाकटा कामाच्या खोलीत ठोकळ्यावर बसला होता, पायाशी गोणपाट. मोठ्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एकही गोड शब्द नाही. मी कोनाड्यातून दांडा काढून धाकट्याच्या हातात दिला. त्यानं तो खिडकीशी नेला. काळं कडं बघितलं. नखानं खरवडलं. त्यालाही लाकूड वाचता येतं, फक्त त्या दिवशी टोकाच्या पुढं त्यानं वाचलंच नव्हतं. खूण होती ना.

दांडा खिडकीत ठेवला, पण वळला नाही.

"दादा," तो म्हणाला, "तीन आठवडे मी झोपेत पाचरी ठोकतोय. बसतच नाहीत."

मोठा खाली भुशात बसला.

"तुला कधी कळलं, आई?" धाकट्यानं विचारलं.

"सोळा दिवस झाले."

"तूसुद्धा."

"मीसुद्धा."

त्यानं मान हलवली. मला वाटलं होतं, रडेल, गळ्यात पडेल, निदान गोणपाट सोडेल. काही नाही. चोळलं तरी काळं कडं जात नाही, तसलं ते काम. तो म्हणाला, "उद्या जाणार होतो. आता बुधवारी ठरवतो."

"ठरव," मी म्हटलं. "थांब असं म्हणायला मला तोंड नाही."

पण थोड्या वेळानं तो खाली वाकला आणि एक गाठ सोडली. एकच. आतून वाकस काढली, अंगठ्यानं धार बघितली आणि ठोकळ्यावर ठेवून दिली.

मोठा भुशातूनच म्हणाला, "आई, उपदेशकांना निरोप पाठवतो. पाठ सोडतो मी."

तेव्हा मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि बोलले. माझी जीभ जागेवर आली होती.

"पाठ सोडायचा नाही. सोडलास तर लोक म्हणतील बिचारा लाजला, आणि ते तुला परत गोड लागेल. दर रविवारी तिथंच उभं राहायचं, याच लोकांपुढं, आणि मधलं वाक्य न गाळता वाचायचं. सहा महिने तुझी एकटी रेघ कुठल्याही मालावर जाणार नाही. तू तासायचं, धाकट्यानं किंवा तो नसला तर मी टिचकी मारून बघायचं, मगच डागायचं. ताडमाड उभा राहीपर्यंत रोज सकाळी त्याच्या घरी जाऊन लाकूड फोडायचं. त्याच कुऱ्हाडीनं. तिला नवा दांडा तू घालायचा, दोन पाचरी मारून. आणि विश्वासाचं म्हणशील तर माझ्यासारख्या अडाणी बाईकडून एवढं ऐकून ठेव. देव बघून घेईल हे पाचर ठोकून झाल्यावर म्हणायचं असतं, पाचरीच्या जागी नव्हे. तुझं लोखंड आज वर आलंय. ते मी आणलं नाही, तूही आणलं नाहीस. पण त्या गोष्टीतल्या माणसाला पाण्यात हात स्वतःलाच घालावा लागला होता. ऊठ. ती बादली बाहेर नेऊन ओत, घासून आण आणि जागच्या जागी ठेव. मग पाचरी तासायला बस. डबा रिकामा आहे."